पडके वाडे, मोडक्या होड्या आणि आपण

निसर्गचित्रांच्या कुठल्याही प्रदर्शनात जा. पुण्यात जा, कोल्हापुरात जा, नाहीतर आमच्या बारामतीसारख्या तालुक्याच्या गावात शाळेच्या हॉलमध्ये भरलेल्या प्रदर्शनात जा. तीन चित्रं तुम्हाला हमखास भेटणार. पहिलं, पडका वाडा: एका बिजागरीवर लोंबणारा दरवाजा, भिंतीतून डोकावणारा पिंपळ, उंबऱ्यावर उन्हाचा एक तुकडा. दुसरं, कलंडलेली जुनी होडी: रंग उडालेला, एक वल्हं तिरकं, पाण्यात थरथरणारं प्रतिबिंब. तिसरं, ओसाड देऊळ, आणि नशिबाने साथ दिली तर ते पाण्यात उभं असलेलं देऊळ. खाली नावं काय? 'मौन', 'एकाकी', 'विसावा', 'काळाच्या पाऊलखुणा'.

या चित्रांवर माझा राग आहे. चित्रं वाईट असतात म्हणून नव्हे. बरीचशी चांगली असतात, काही तर फार चांगली असतात. राग आहे तो त्यातल्या गोड खोटेपणावर. घर पडलं ते काळामुळे, होडी कुजली ती वयामुळे, देऊळ ओसाड झालं ते नियतीमुळे, असं ही चित्रं आपल्याला हळुवार आवाजात सांगत असतात. आणि आपण मान डोलावतो. "वा, काय मूड पकडलाय!"

अहो, काळ काही पाडत नाही. माणसं सोडून जातात तेव्हा घर पडतं, आणि माणसं कारणाशिवाय सोडून जात नाहीत. त्या कारणाला बहुतेक वेळा तारीख असते, कायदा असतो, सरकारी हुकूम असतो, नाहीतर भावाभावातला कोर्टातला दावा असतो. ते सगळं पुसून फक्त भिंतीचा पोत ठेवायचा, याला मी सौंदर्यदृष्टी म्हणायला तयार नाही.

आता हे सांगणारा मी कोण? मी राहतो कन्हेरीला. बारामती तालुका, काटेवाडीच्या शेजारी. कन्हेरी म्हटलं की बाहेरच्यांना आमचा मारुती आठवतो, आणि तोही निवडणूक आली की, कारण पवार मंडळींच्या प्रचाराचा नारळ तिथे फुटतो. एरवी ऊस, कालवा, ट्रॅक्टर, कारखान्याच्या गाड्या. मी पोटापाण्याला दुसरंच काही करतो, जलरंग फक्त रविवारचे. पण गेली कित्येक वर्षं रविवार चुकवलेला नाही. आमच्या गावी येणारे चित्रकार मित्र आल्याआल्या विचारतात, "इथे काढण्यासारखं काय आहे?" आणि उत्तराची वाट न बघता भिगवणच्या रस्त्याला लागतात. कारण तिकडे उजनीचं पाणी आहे, पाण्याकाठी होड्या आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ आहे. तिन्ही हमखास विषय एका दिवसात. पेट्रोल वसूल!

आधी जरा धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण ती चित्रकार मंडळी प्रेक्षकांना सहसा सांगत नाहीत. पडकी वास्तू काढायला सोपी असते. नवी आरसीसीची इमारत काढून बघा. चार मजले, एकसारख्या सोळा खिडक्या, सरळ गॅलऱ्या. एका खिडकीची रेघ केसभर चुकली की इयत्ता सातवीतला मुलगासुद्धा सांगतो, काका, हे वाकडं झालंय. वाड्याच्या पडक्या भिंतीत रेघ वाकडी गेली तर? भिंतच वाकडी होती! खडबडीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढला की उडालेला गिलावा आपोआप उमटतो. ओल्या कागदावर बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन एकमेकांत सोडले की शेवाळलेल्या दगडाचा करडा रंग रंगच तयार करून देतात, आपण फक्त बघत बसायचं. होडीचा बाक थोडा अवघड असतो, पण त्यालाही युक्ती आहे: आडवा इंग्रजी आठ काढायचा आणि त्यातून होडीची कड शोधायची. तेवढं जमलं की अर्ध्या तासात बघणारे टाळ्या वाजवतात.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रत्येक माध्यमाला काही गोष्टी मानवतात, पाण्याच्या रंगाला ओल, पोपडे आणि धूसरपणा मानवतो. पण मग 'माध्यमाला सोपं जातं म्हणून काढतो' एवढंच म्हणा की! त्यावर 'नश्वरतेचं चिंतन' अशी पाटी कशाला लावता?

आता या तीन विषयांकडे एकेक करून नीट बघू.

पहिला वाडा. इंग्रजीत अशा घराला 'अबँडन्ड' म्हणतात आणि आमची तरुण मंडळी हल्ली तोच शब्द वापरतात. म्हणजे सोडून दिलेलं. मराठीत आपण 'बेवारस' म्हणून मोकळे होतो. पण गावातल्या पडक्या वाड्याचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढून बघा. वारस नाही म्हणून वाडा पडत नाही, वारस फार झाले म्हणून पडतो. चार भावांची वीस नातवंडं, त्यातली सहा पुण्यात, दोन अमेरिकेत, तीन एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एका आत्याची सही राहिलेली. कौल फुटलं तर बदलायचं कुणी? ज्याने बदललं त्याचा हक्क शाबीत होईल, या भीतीने बाकीचे त्याला बदलू देत नाहीत. दोन पावसाळे गळलं की आढं कुजतं, आढं बसलं की भिंत सुटते. त्या भिंतीतून उगवलेला पिंपळ तुम्ही सुंदर हिरव्या रंगात काढता. प्रत्यक्षात तो एका दिवाणी दाव्याचा पिंपळ आहे.

पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांची गोष्ट आणखी सरळ आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी जवळपास १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. कायदा गरजेचा होता, युद्धानंतर शहरात लोंढे येत होते आणि भाडेकरूला रस्त्यावर काढणं मालकाला सोपं होतं. पण पुढे चाळीस-पन्नास वर्षं तीच भाडी राहिली. महिन्याला दहा-वीस रुपये भाडं येणारा मालक छप्पर कशाला दुरुस्त करील? आणि आपल्या मालकीचं नाही म्हणून भाडेकरू तरी कशाला करील? मग दोघेही वाडा पडायची वाट बघत बसले, एक जागा मोकळी व्हावी म्हणून आणि दुसरा नव्या इमारतीत फ्लॅट मिळावा म्हणून. १९९९ चा नवा कायदा २००० साली लागू झाला तोवर वाड्यांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या वाड्यांची किती चित्रं निघाली! त्या चित्रांमध्ये वरच्या मजल्यावर राहणारी, जिना कोसळेल म्हणून खाली न उतरणारी म्हातारी कुठे दिसते का बघा. नाही दिसणार. ती असली तर वाडा ओसाड वाटत नाही ना.

दुसरी होडी. आमचे मित्र भिगवणला, कुंभारगावला, डिकसळला जातात, पाण्याकाठी उलटी टाकलेली होडी बघतात आणि तिच्यासमोर बैठक मारतात. 'निवृत्ती' असं एका चित्राचं नाव होतं. ती होडी निवृत्त वगैरे काही नव्हती हो! तिच्या फटींत काथ्या ठासून डांबर लावलं होतं आणि ते वाळायला ती उलटी ठेवली होती. दोन दिवसांनी ती पुन्हा चिलापी धरायला पाण्यात जाणार होती. कोकणात तर हा विनोद दर पावसाळ्यात होतो. जून-जुलै हे दोन महिने राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढून झापांनी झाकून ठेवतात. शहरातून पाऊस बघायला आलेले चित्रकार त्या सुटीवरच्या होड्यांची 'परित्यक्ता' या नावाने चित्रं काढून घेऊन जातात. नारळीपौर्णिमेला येऊन बघा म्हणावं तुमच्या परित्यक्तेला, रंगरंगोटी करून, पताका लावून कशी निघते ती!

उजनीतली होडी ही तर फक्त मासेमारीची वस्तूही नाही. धरण झालं तेव्हा भीमेच्या दोन काठांची गावं एकमेकांपासून कायमची लांब गेली. इंदापूर तालुक्यातल्या माणसाला समोर दिसणाऱ्या करमाळा तालुक्यातल्या गावी सोयरिकीला जायचं तर रस्त्याने मोठा वळसा, नाहीतर होडी. म्हणजे होडी ही इथली एसटी आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. आता शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूर झालाय.

त्यानंतर मला उजनीच्या होडीचं 'शांत सायंकाळ' छापाचं चित्र बघवत नाही. संध्याकाळी तिथे शांत असतं हे खरंच आहे. पण त्या होडीकडे बघताना काठावरच्या माणसाच्या मनात काय येतं, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या मनात काय येतं, यात जे अंतर आहे ते चित्रात कुठेच नसतं. चित्र कायम पाहुण्याच्याच बाजूचं.

तिसरं देऊळ. पळसदेवच्या पळसनाथाचं जुनं देऊळ. खाली दगडी, वर विटांचं शिखर, अनेक शतकांपूर्वीचं. वर्षातला बराच काळ ते पाण्याने वेढलेलं किंवा बुडालेलं असतं आणि धरण फारच खाली गेलं की सगळं उघडं पडतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. बाहेरच्या वाचकांना हे 'उणे' म्हणजे काय कोडं आहे असं वाटतं, तर सांगतो. उजनीत साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी हे मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खालचं. वरचं ५३ टीएमसीच्या आसपास असलेलं पाणी संपलं की शून्य टक्के. त्याच्याही खाली उपसायला लागलं की उणे. म्हणजे देऊळ पूर्ण दिसतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की आपण धरणाच्या ताटलीतला शेवटचा घास पुसून खातोय. त्या उन्हाळ्यात तिथे जत्रा लोटली होती. कॅमेरे, ड्रोन, स्केचबुकं. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: गूढ!

गूढ कसलं? १९६६ साली धरणाचं काम सुरू झालं, १९८० साली पुरं झालं. पुणे, सोलापूर आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतली गावं उठली. पळसदेवही उठलं, आणि पुणे-सोलापूर रस्त्याला नवं गाव वसलं. पळसनाथालाही लोकांनी बरोबर नेलं, नवं देऊळ बांधून तिथे बसवलं. म्हणजे देवाचंसुद्धा पुनर्वसन झालंय. पाण्यातलं देऊळ रिकामं आहे ते काही कुणाच्या शापाने नव्हे, सरकारी नोटिशीने. ज्यांनी ते सोडलं त्यातली पुष्कळ माणसं अजून आहेत, रस्त्यापलीकडे राहतात, त्यांना विचारता येतं.

त्या उन्हाळ्यात मी गेलो होतो तेव्हा देवळापासून थोडं लांब एक म्हातारबाबा काठीने जमीन उकरत होते. सोबत नातू. मी विचारलं, "बाबा, काय हरवलं का?" ते म्हणाले, "हरवलं न्हाई, हितंच हाय. हे आमचं जोतं. ही चूल व्हती, आन् हिकडं गोठा." नातू मोबाईलमध्ये देवळाचा फोटो काढत होता. बाबांनी एकदाही देवळाकडे पाहिलं नाही, निदान मी होतो तोवर. आणि आमच्या मंडळींच्या सगळ्या चित्रांत ते देऊळ मधोमध, पुढे आरशासारखं पाणी, वर जांभळं आभाळ. जोती नाहीत. बाजूला उघड्या पडलेल्या जमिनीत लोकांनी केलेली गाळपेरसुद्धा नाही. खरं तर केवढं जबरदस्त चित्र आहे ते! बुडालेल्या गावाच्या छातीवर उगवलेलं हिरवं पीक! पण ते काढलं तर 'ओसाड' शब्द चालत नाही, म्हणून काढायचं नाही.

हा जो डोळा आहे तो मुळात आपला नाही, असं माझं मत आहे. मराठीतले शब्दच बघा. ओसाड, भकास, पडकं, मोडकळीला आलेलं. एकाही शब्दात कौतुक आहे का? आपल्याकडे पडक्या घराकडे बघून लोक हळहळतात, 'दिवा लावायला कुणी राहिलं नाही' म्हणतात. पडक्याचं सौंदर्य हा अठराव्या शतकातल्या इंग्रजांचा छंद. विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने १७८२ साली वाय नदीच्या प्रवासाचं पुस्तक काढलं आणि निसर्ग 'चित्रासारखा' कसा बघायचा हे लोकांना शिकवलं. टिंटर्न इथला भग्न मठ त्याला आवडला, पण पुरेसा भग्न वाटला नाही! त्याच्या टोकाच्या भिंतींचे त्रिकोण फार नीटनेटके राहिलेत, कुणी जरा बेताने हातोडा चालवला तर बरं होईल, असं त्याने चक्क लिहून ठेवलंय. अर्थात एवढं धाडस कोण करणार, असंही लगेच पुढे म्हटलंय. पण मनात आलं ते आलंच ना! तोच डोळा घेऊन थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७८६ साली हिंदुस्थानात आले, आणि परत जाऊन त्यांनी आपल्या देवळांची, घाटांची, ओसाड मशिदींची १४४ चित्रं 'ओरिएंटल सीनरी' या नावाने छापली. कसब अफाट, वादच नाही. पण विलायतेतल्या दिवाणखान्यात त्या चित्रांनी काय सांगितलं? की तिकडे एक थोर देश होता, आता नुसते दगड उरलेत. राज्य करणाऱ्यांना याहून सोयीचं चित्र कोणतं? पुढे १८५७ साली मुंबईत सर जे. जे. स्कूल निघालं आणि विलायती शिक्षणाबरोबर निसर्गाकडे बघायची ही रीतही आपल्या हातात आली.

आणि गंमत अशी, की इंग्रजांमधल्या शहाण्या माणसाला हे फार लवकर खुपलं होतं. जॉन रस्किनने १८५६ साली 'मॉडर्न पेंटर्स'च्या चौथ्या खंडात यावर एक प्रकरणच लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गरिबाचं मोडकं झोपडं बघून ज्याला फक्त रंग आणि पोत दिसतो, आणि आत राहणाऱ्याचे हाल दिसत नाहीत, तो चित्रकार हृदयशून्य असतो. तो दुष्ट असतो असं नव्हे, पण त्याचं सौंदर्य खालच्या पायरीवरचं. वरच्या पायरीवर रस्किनने टर्नरला बसवलं.

इथे माझे मित्र मला अडवतात. म्हणतात, "अरे, चित्र म्हणजे वर्तमानपत्र आहे का? आम्ही काय आता पंचनामा काढायचा? चित्रकाराने रंग, आकार, प्रकाश बघायचा. बाकी गोष्टी लेखकांनी कराव्यात." आक्षेप वजनदार आहे, मी तो उडवून लावणार नाही. चित्राला प्रचाराची पाटी केली की चित्र मरतं, हे मीही पाहिलंय.

पण मग टर्नरचंच उदाहरण घेऊ, जुन्या होडीच्या चित्रांचा तो बापच. 'टेमेरेअर' ही १८०५ च्या ट्रफॅल्गारच्या लढाईत गाजलेली युद्धनौका. १८३८ साली तिला टेम्स नदीतून ओढत नेऊन मोडीत काढलं, आणि १८३९ साली टर्नरने तिचं चित्र प्रदर्शनात मांडलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आता त्यात काय आहे बघा. पांढरीफटक, भुतासारखी दिसणारी शिडाची नौका आहे, पेटलेला सूर्यास्त आहे, आणि सगळ्यात पुढे एक ठेंगणी, काळी, धुराचा लोट सोडणारी वाफेवरची बोट आहे. नौका म्हातारी का झाली, याचं उत्तर त्या काळ्या बोटीत आहे! वाफ आली, शिडं गेली. टर्नरला 'मूड' हवा असता तर त्याने ती काळी बोट गाळली असती. तिच्यामुळे उलट त्या चित्राला चित्रपण आलं. रंग, आकार, प्रकाश यात कुठे तडजोड झाली सांगा बरं?

दुसरं उदाहरण व्हॅन गॉघचं. १८८८ साली तो भूमध्य समुद्राकाठच्या सँत-मारी गावी गेला आणि वाळूवर ओढलेल्या होड्यांचं चित्र काढलं. आपल्या होड्यांच्या चित्रांशी ते ताडून बघा. त्याच्या होड्या लाल, हिरव्या, निळ्या, झगझगीत आहेत. कामावरच्या होड्या. कोळी पहाटे निघून जात म्हणून त्याने घाईघाईने आधी रेखाटन करून घेतलं होतं. आणि एका होडीवर तिचं नाव वाचता येतं: 'आमितिए', म्हणजे मैत्री. आमच्या उजनीच्या होड्यांवरही नावं असतात. देवाची, आईची, मुलीची. आपल्या चित्रात ते अक्षर हटकून पुसलेलं असतं. कारण नाव आलं की मालक आला, आणि मालक आला की 'एकाकी' हे शीर्षक खोटं पडतं.

आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरचे आबालाल रहिमान. जे. जे. मध्ये शिकले, परत कोल्हापूरला आले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, १९३१ साली गेले. त्यांनी काय काढलं? रंकाळा, कोटितीर्थ, रोजच्या पायाखालचा परिसर, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रकाशात. ते तिथले होते. विषयाच्या शोधात गाडी काढून 'लोकेशन'ला जाणं आणि राहतो ती जागा जन्मभर बघत राहणं यात फरक आहे, आणि तो कागदावर उतरतो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, म्हणजे हा राग नुसता पुस्तकी नाही हे कळेल. काही वर्षांपूर्वी एका निसर्गचित्र स्पर्धेला मी आमच्या भागातल्या एका जुन्या वाड्याचं चित्र पाठवलं होतं. वाडा अर्धा पडलेला, उरलेल्या अर्ध्यात एक कुटुंब राहतं. त्यामुळे चित्रात पडकी कमान होती तशीच छपरावरची डिश होती, काळी सिंटेक्सची टाकी होती, आणि कमानीत लावलेली मोटरसायकल होती. परीक्षकांपैकी एकांचा फोन आला. भले गृहस्थ, बोलणं गोड. म्हणाले, "चित्र छान आहे, पण ती डिश आणि टाकी काढली असतीत तर पहिल्या तिनात होतं. वातावरण बिघडतंय." मी म्हटलं, साहेब, त्या टाकीत त्या घरचं प्यायचं पाणी आहे. ते हसले. चित्र परत आलं.

आता सांगा, गिल्पिनच्या हातोड्यात आणि या सूचनेत फरक काय? तो दगड पाडायला निघाला होता, हे माणसं पाडतात.

या आवडीचं टोक कुठे जातं तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये रॉकपोर्ट नावाचं बंदर आहे. तिथे धक्क्यावर मासेमारीच्या सामानाची एक साधी लाल लाकडी खोपटी होती. चित्रकारांना ती इतकी आवडली, इतक्या विद्यार्थ्यांनी ती काढली, की तिचं नावच पडलं 'मोटिफ नंबर वन', विषय क्रमांक एक! १९४५ साली गावाने ती खोपटी विकत घेऊन जपायला सुरुवात केली. १९७८ च्या हिमवादळात ती वाहून गेली. मग गावाने काय केलं? त्याच वर्षी हुबेहूब तशीच नवी बांधली. नवी खोपटी, जुनी दिसणारी! म्हणजे आधी मासेमारीसाठी खोपटी, मग खोपटीची चित्रं, आणि शेवटी चित्रांसाठी खोपटी. मला भीती वाटते की आपल्याकडेही कुणीतरी रिसॉर्टवाला भिगवणच्या काठाला मुद्दाम एक मोडकी होडी टाकून ठेवील, फोटोसाठी, आणि आपण रांगा लावू.

मग चित्रं काढूच नयेत का? छे! मी स्वतः काढतो, काढणार. पडकी भिंत सुंदर दिसते, उन्हात वाळणारी होडी सुंदर दिसते, पळसनाथाचं शिखर पाण्यातून वर आलेलं पाहून माझ्याही अंगावर काटा येतो. डोळ्याला जे आवडतं ते नाकारणं हाही एक खोटेपणाच. माझी मागणी फार लहान आहे. कागद ओला करण्याआधी एक प्रश्न विचारा: हे कुणाचं? विचारायला तिथे माणूस असतोच. पारावर असतो, टपरीवर असतो, होडीच्या पलीकडे जाळं निवडत बसलेला असतो. त्याच्याकडून गावाचं नाव, होडीचं नाव, वाडा कुणाचा, कधी आणि का सोडला, एवढं कळायला चहाचा एक कप पुरतो.

मग खुशाल आपल्या डोळ्याला हवं तसं काढा. त्यातलं काय चित्रात घ्यायचं ते तुमचं स्वातंत्र्य. डिश घ्या किंवा घेऊ नका, पण ती गाळताना आपण काय गाळतोय हे ठाऊक असू द्या. आणि निदान शीर्षकात तरी खरं बोला. 'मौन' नको. 'जुनं पळसदेव, मे २०२४, उजनी उणे साठ टक्के' असं लिहा. बघणारा माणूस थबकेल, विचारील, हे उणे साठ म्हणजे काय? त्याला सांगता येईल. चित्राची किंमत त्याने शंभर रुपयांनीही कमी होणार नाही, आणि जोतं उकरणाऱ्या बाबांचा नातू कधी प्रदर्शनाला आला तर त्याला आपलं गाव भिंतीवर ओळखू येईल.

तुम्ही चित्र काढत नसाल, नुसते बघत असाल, तर तुमच्यासाठीही तोच प्रश्न आहे. प्रदर्शनात पडक्या वाड्यासमोर उभं राहून 'वा' म्हणण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या चित्रकाराला विचारून बघा, "हा कुणाचा हो?" उत्तर आलं तर चित्र जरूर विकत घ्या. "माहीत नाही, पण लाईट फार सुंदर होता," असं आलं तर... बघा बुवा, पैसे तुमचे आहेत.